ग्रंथ कोणत्या सालचा?

आमच्या खानदेशात आखाजी हा माहेरवाशिणींचा सण. अक्षय्यतृतीयेस लेकीबाळी माहेरी येतात, निंबाच्या झाडास झोके बांधले जातात, आमरसाचे ताट पडते, आणि वर्षभराची सुखदुःखे दोन दिवसांत बोलून घेतली जातात. माझी धाकटी बहीण धुळ्यास असते. यजमानांच्या मागे ती व तिचा मुलगा असे दोघेच घरात आहेत. करोनाच्या साथीत मुलाची नोकरी गेली, घराचे छप्पर गळू लागले, तरी तिने कोणापुढे हात पसरला नाही. २०२२ सालच्या आखाजीस ती जळगावी आमच्याकडे आली असता जेवणानंतर सुपारी कातरता कातरता खाली मान घालून म्हणाली, "दादा, शेतात माझे काही निघते का रे? निघत नसेल तर राहू दे."

एरंडोल तालुक्यात आमची वडिलोपार्जित नऊ एकर काळी जमीन आहे. आई १९९१ साली गेली, वडील १९९८ साली. त्यानंतर सात-बारावर माझे व धाकट्या भावाचे नाव लागले. जमीन भाऊ पाहतो. बहिणीचा विवाह १९८६ सालचा. तिचे नाव उताऱ्यावर कधी चढले नाही आणि चढावे असे आम्हां दोघांपैकी कोणास कधी सुचलेही नाही. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिणे भाग आहे.

मी जन्मभर शाळामास्तर. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकच्या अखेरच्या तुकड्यांतून बाहेर पडलो, पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम केला, आणि धुळ्यास असताना एका वृद्ध शास्त्रीबुवांच्या पायाशी बसून काव्य, व्याकरण व थोडेसे धर्मशास्त्र शिकलो. कोणत्याही प्रश्नाचे उत्तर ग्रंथ पाहून द्यावे, तोंडास येईल ते बोलू नये, हा त्यांचा दंडक मी छत्तीस वर्षे मुलांना घोकविला. तेव्हा बहिणीस तोंडी उत्तर न देता मी उठलो व फडताळातून एक जाडजूड ग्रंथ काढला. हिंदू कायद्यावरील ती एक प्रसिद्ध टीका. माझ्या धाकट्या मुलीस २०१९ साली वकिलीची सनद मिळाली, तेव्हा धुळ्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी ती तिच्यासाठी विकत घेतली होती. बांधणी उत्तम, पाने कोरी, किंमत निम्मी; मास्तराच्या पिशवीस परवडणारी.

ग्रंथात स्पष्ट लिहिले होते. १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्माने सहदायाद ठरली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली प्रकाश विरुद्ध फुलवती या प्रकरणी असा निर्णय दिला की, त्या दिवशी वडील व मुलगी दोघेही हयात असले तरच हा हक्क लागू होतो. आमचे वडील तर सात वर्षे आधीच निवर्तलेले. महाराष्ट्राने १९९४ साली स्वतंत्र दुरुस्ती केली होती खरी. पण तिचा लाभ २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुलीस नव्हता. म्हणजे तेही दार बंद. उरला तो वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यातील वाटा. वडील व दोन मुलगे यांचे तीन समान भाग कल्पावयाचे, आणि वडिलांच्या तिसऱ्या भागाचे तीन मुलांत पुन्हा तीन भाग करावयाचे. बहिणीस एक नवमांश. नऊ एकरांत एक एकर.

मी कागदावर गणित मांडून तिला दाखविले. त्रैराशिक शिकविताना फळ्यासमोर उभे राहावे तसा मी उभा होतो. तिने गणित पाहिले न पाहिले आणि म्हणाली, "तू म्हणतोस तर तसेच असेल." भावास फोन केला, तोही राजी झाला. एका एकराची चालू भावाने होणारी रक्कम आम्ही दोघांनी तिला द्यावी व तिने हक्कसोडपत्र लिहून द्यावे असे ठरले. दस्त गणपतीनंतर नोंदवावयाचा. आपण बहिणीस न्याय दिला या समाधानात मी ते दोन-तीन महिने घालविले.

आता माझ्या मुलीविषयी थोडे सांगितले पाहिजे. जळगावच्या न्यायालयात ती एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करीत असे. मोठ्या शहरांतील वकील एकेक विषय धरून बसतात. जिल्ह्याच्या ठिकाणी तशी सोय नाही. सकाळी जामिनाचा अर्ज, दुपारी न वटलेल्या धनादेशाची फिर्याद, तिसऱ्या प्रहरी बांधाचे भांडण आणि संध्याकाळी पोटगीसाठी आलेली एखादी रडवेली मुलगी, असा तो संसार असतो. वैद्यकीत ज्यास आपण घरचा वैद्य म्हणतो, तसाच हा घरचा वकील. त्यास सर्व थोडे थोडे ठाऊक असावे लागते, आणि जे ठाऊक नाही ते कोठे सापडेल हे मात्र पक्के ठाऊक असावे लागते. तिच्या गुरूंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितले होते म्हणे, "कायदा पाठ करू नकोस, कायद्याचा पत्ता पाठ कर."

श्रावणात मी हक्कसोडपत्राचा मसुदा तिच्यापुढे ठेवला. हेतू एवढाच की, व्याकरणाच्या चुका मी पाहिल्या, कायद्याच्या तिने पाहाव्या. तिने मसुदा वाचला, हिशेबाचा कागद वाचला, आणि विचारले, "बाबा, हा एक नवमांश कोठून काढला?"

मी अभिमानाने ग्रंथ पुढे केला. तिने मजकूर उघडलाच नाही. पहिले पान उलटून मागची बाजू पाहिली, तेथे बारीक अक्षरांत आवृत्तीचे साल असते. मग मान वर करून म्हणाली, "ग्रंथ कोणत्या सालचा, हे पाहिलेत का?"

ग्रंथ २०१६ सालचा होता.

वाचकांपैकी ज्यांचा संस्कृत ग्रंथांशी परिचय आहे, त्यांना माझी चूक चटकन उमगेल व क्षम्यही वाटेल. आम्ही पोथी जितकी जुनी तितकी प्रमाण मानणारे. विज्ञानेश्वराची मिताक्षरा अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली गेली, आणि तिचे वाक्य आजही वाक्यच आहे. नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख सतराव्या शतकातला. हे भट्ट घराणे मूळ पैठणचे, पुढे काशीस स्थायिक झालेले. मौज अशी की, मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी गुजराथेत व उत्तर कोकणात मयूखास अग्रमान दिला, तर पुणे, अहमदनगर व आमचे खानदेश येथे मिताक्षरा व मयूख या दोहोंस जवळजवळ सारखेच प्रमाण मानले. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेले, तेव्हा धुळ्यास बसणाऱ्या साहेबास हिंदूंचा कायदा कोठे शोधावा हे ठाऊक नव्हते. त्याने न्यायालयात शास्त्री नेमला. खटल्यात वारसाचा प्रश्न निघाला की साहेबाने विचारावे आणि शास्त्र्याने वचन काढून व्यवस्था द्यावी, अशी रीत पडली. १८६४ साली कायद्याने ही शास्त्र्यांची पदे रद्द झाली. त्यानंतर लवकरच वेस्ट व ब्यूलर या दोन विद्वानांनी इलाख्यातील न्यायालयांत साठलेल्या शास्त्र्यांच्या उत्तरांचा संग्रह करून तो छापला. त्याआधी १८२७ साली स्टील नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या जातींचे रीतिरिवाज संकलित केले होते. त्याच साली बोराडेलने मयूखाचे इंग्रजी भाषांतर केले. पुढे १८८० साली रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी मयूख व याज्ञवल्क्यस्मृती यांची आवृत्ती काढली. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे तर स्वतः मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करणारे. त्यांनी मयूखाची चिकित्सक आवृत्ती १९२६ साली सिद्ध केली. सांगण्याचा मुद्दा एवढाच की, कायदा कोठे सापडेल हा प्रश्न आमच्या प्रांतात दोनशे वर्षांचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यात आमच्या लोकांनी आयुष्ये घातली आहेत.

परंतु आजचा कायदा ही पोथी नव्हे, पंचांग होय. गेल्या वर्षीचे पंचांग कितीही सुबक छापलेले असो, त्यावरून या वर्षीचा मुहूर्त काढता येत नाही. मुलीने त्या रात्री मला हे शिकविले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो.

तिची पद्धत अशी. प्रथम टीका बाजूस ठेवून मूळ अधिनियम वाचावयाचा; तोही आजमितीस दुरुस्त झालेला. केंद्र सरकारने 'इंडिया कोड' नावाचे सर्व अधिनियमांचे भांडार संगणकावर खुले केले आहे, त्यास दाम पडत नाही. तेथे कलम सहा उघडून तिने मला शब्दशः वाचावयास लावले. केंद्राच्या कायद्यास राज्याची दुरुस्ती जोडलेली आहे काय, हे त्याच वेळी पाहावयाचे. दुसरी पायरी टीकाग्रंथाची. टीका ही वाट दाखविते. ती स्वतः प्रमाण नव्हे. मुल्ला यांचा हिंदू कायद्यावरील ग्रंथ १९१२ साली प्रथम निघाला आणि त्याच्या आवृत्त्या आजतागायत निघत आहेत. त्या निघाव्या लागतात यातच सर्व आले. तिसरी पायरी निकालांची. मुंबईच्या उच्च न्यायालयाचे सरकारी निकालसंग्रह १८७६ पासूनचे आहेत, रतनलाल व धीरजलाल यांच्या नावाशी जोडला गेलेला 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' १८९९ पासूनचा, नागपूरच्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'ची माला १९१४ पासूनच्या निकालांची, आणि लखनौची 'सुप्रीम कोर्ट केसेस' १९६९ पासूनची. तांबड्या कातडी पाठीच्या त्या खंडांच्या रांगा वकिलांच्या कचेरीत पाहून पक्षकाराची छाती दडपते. पण नवख्या वकिलास त्या विकत घेणे शक्य नसते. तो वकील संघाच्या ग्रंथालयात बसतो, नाहीतर संगणकावर वाचतो. २००८ सालापासून 'इंडियन कानून' या नावाचे एक विनामूल्य शोधस्थळ चालू आहे. माझ्या मुलीचा निम्मा अभ्यास त्यावरच झाला. पुढे २०२३ च्या जानेवारीपासून सर्वोच्च न्यायालयानेही आपला अधिकृत निकालसंग्रह सर्वांस फुकट वाचावयास दिला. मुंबईत अथवा दिल्लीत जे वाचावयास मिळते ते आता धुळ्याच्या अथवा पारोळ्याच्या वकिलासही मिळते. ही गोष्ट लहान नव्हे.

चौथी पायरी मात्र सर्वांत महत्त्वाची आणि तीच मी चुकलो होतो. सापडलेला निकाल आज जिवंत आहे काय? त्याहून मोठ्या न्यायासनाने तो पुढे खोडला आहे काय? जिल्ह्याच्या न्यायालयास सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय बंधनकारक, तसाच आपल्या उच्च न्यायालयाचा. परप्रांतीच्या उच्च न्यायालयाचा निर्णय केवळ आदराने ऐकावयाचा. आणि दोन न्यायाधीशांनी दिलेला निर्णय तीन न्यायाधीश बाजूस सारू शकतात. आमच्या शास्त्रात पूर्वपक्ष सविस्तर मांडून मग सिद्धान्त सांगतात. जो वाचक अर्ध्यावर पुस्तक मिटतो, तो पूर्वपक्षासच सिद्धान्त समजतो. मी नेमके हेच केले होते.

मुलीने फुलवतीचा निकाल उघडला आणि पुढे त्याचा उल्लेख कोणकोणत्या निकालांत आला याची यादी काढली. १ फेब्रुवारी २०१८ रोजी दानम्मा विरुद्ध अमर या प्रकरणी दोन न्यायाधीशांनीच, वडील २००१ साली वारलेले असूनही, मुलींना हिस्सा दिला होता. दोन निकालांत असा विसंवाद पडला म्हणून प्रश्न तीन न्यायाधीशांपुढे गेला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणी त्यांनी निर्णय दिला की, मुलीचा हक्क जन्माने आहे. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही. फुलवतीचा निर्णय रद्द ठरला. मी बहिणीस गणित मांडून दाखविले, त्याच्या आधी दीड वर्षाहून अधिक काळ तो रद्द झालेला होता.

निकाल शंभराहून अधिक पानांचा. मुलगी वाचीत होती. एका ठिकाणी अडखळली आणि तिने मला हाक मारली. "बाबा, येथे अप्रतिबंध दाय आणि सप्रतिबंध दाय असे शब्द आले आहेत. इंग्रजी समजते, पण मर्म समजत नाही."

मी चष्मा सारखा केला. हे शब्द मी शास्त्रीबुवांपाशी चाळीस वर्षांपूर्वी शिकलो होतो. मिताक्षरेच्या मते पुत्राचे पित्याच्या वडिलोपार्जित धनावर स्वत्व उत्पन्न होते ते जन्मतःच. पित्याचे जिवंत असणे त्यास आड येत नाही, म्हणून तो अप्रतिबंध दाय. भाऊ, चुलता यांच्या धनावर आपला हक्क मूळ मालक मेल्यावर व त्यास पुत्र नसल्यास उत्पन्न होतो. त्याचे असणे हाच प्रतिबंध, म्हणून तो सप्रतिबंध दाय. एवढे मी सांगितले आणि सांगता सांगता थांबलो. कायद्याने मुलीस "जन्माने" मुलाप्रमाणे सहदायाद केले, तर तिचा दाय अप्रतिबंध झाला. मग अमुक तारखेस वडील जिवंत होते की नव्हते, हा प्रश्नच कोठे उरतो? न्यायमूर्तींनी हेच म्हटले होते. ज्या दोन शब्दांवर हा सारा निर्णय उभा होता, ते माझ्या पोटात चाळीस वर्षे पडून होते. मी ते परक्याच्या मुलांना समजावून सांगितले, पण बहिणीच्या नऊ एकरांपाशी मला ते आठवले नाहीत.

नऊ एकरांचे तीन समान भाग. बहिणीस तीन एकर, एक नव्हे.

येथे एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. हे समजल्यावर माझ्या मनात आलेला पहिला विचार बहिणीचा नव्हता. माझ्या ट्रंकेत १९९९ सालची एक चिठ्ठी आहे; साध्या कागदावर आम्ही दोघां भावांनी आपसांत केलेल्या तोंडी वाटणीची. कायद्यात एक सूट आहे: २० डिसेंबर २००४ पूर्वी वाटणी झाली असल्यास ती मोडावयाची नाही. मी मुलीस शक्य तितक्या सहजपणे विचारले, "आपली वाटणी पूर्वीच झाली होती, नाही का?" तिने तितक्याच सहजपणे उत्तर दिले. सूट आहे ती नोंदणी झालेल्या दस्ताने अथवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेल्या वाटणीस. तोंडी वाटणी क्वचितच, आणि तीही सरकारी दप्तरातील कागदांनी शाबीत झाली तरच मानली जाते. आमच्या सात-बारावर दोघांची नावे सामाईक होती. फेरफारात वाटणीचा शब्द नव्हता. एवढे बोलून ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बाबा, पक्षकार आमच्याकडे येतात ते बहुधा कायदा काय आहे हे विचारावयास येत नाहीत. त्यांना हवे आहे ते कायद्यात कोठे आहे, हे विचारावयास येतात. शोधणाऱ्याचेही तसेच होते. मनातले उत्तर सापडले की तो पुढचे पान उलटीत नाही."

तिने माझ्याकडे पाहिले नाही, हा तिचा विनय. मी ट्रंक उघडली नाही.

भाद्रपदात गौरी उठल्यावर मी एस. टी. ने धुळ्यास गेलो. पाळधी, एरंडोल, पारोळा. दोन्ही बाजूंस कपाशी कमरेएवढी उभी होती. लहानपणी धुळ्यास शिकत असताना मी सुटीच्या दिवशी राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसत असे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालच्या अखेरच्या दिवशी धुळ्यासच निवर्तले, आणि त्यांचे कागद सांभाळण्यासाठी पुढच्याच महिन्यात मंडळ निघाले. एक कागद मिळावा म्हणून त्या माणसाने गावोगाव पायपीट केली, आणि मिळाल्यावर तो अस्सल की नक्कल, कोणत्या सालचा, हे ठरविल्यावाचून त्यावर विसंबला नाही. त्यांच्या दाराशी वाढलेल्या मला ग्रंथाचे साल पाहण्याचे सुचू नये, याचा विचार करीतच मी बहिणीच्या घरी पोहोचलो.

मी तिला म्हटले, "आखाजीला मी तुला चुकीचे सांगितले. एक एकर नव्हे, तीन एकर तुझे आहेत. देणगी नव्हे, जन्मापासून तुझेच." आणि निकालाची तारीख, वार सर्व सांगू लागलो.

तिने मला थांबविले. चहाचा पेला खाली ठेवून बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, तू एक म्हणालास तेव्हा मी घरी येऊन रडले होते. एकासाठी नाही रे. एवढी वर्षे मला वाटत होते की आपण तिघे सारखे." मी काय उत्तर देणार? जन्मभर उत्तरे तपासलेल्या माणसास त्या वेळी एकही उत्तर आठवेना.

भावाचे मन वळविणे सोपे गेले नाही. जमीन तो कसतो, विहिरीचे कर्ज त्याने फेडले, हे खरेच होते. "तुझी मुलगी वकील झाली ती आपल्याच घरावर नांगर फिरवावयास काय?" असे तो मला म्हणाला, आणि तीन महिने त्याने तिच्याशी भाषण केले नाही. मी त्यास निकाल वाचून दाखविला, पण निकालाने मन वळत नाही. त्यास दोन मुलीच आहेत. एके दिवशी थोरलीने त्यास विचारले, "म्हणजे उद्या तुमच्या शेतातही आमचे काही नाही का?" त्यानंतर आठ दिवसांनी त्याचा फोन आला. २०२३ सालच्या उन्हाळ्यात रीतसर वाटणी नोंदली गेली आणि उताऱ्यावर तिसरे नाव चढले. विहिरीच्या खर्चाचा हिशेब बहिणीने स्वतः होऊन मान्य केला व तिचे तीन एकर तिने भावासच बटाईने लावले. छप्पर दुरुस्त झाले आहे. भाऊ व माझी मुलगी आता बोलतात. पूर्वीइतके मोकळे नव्हे, पण बोलतात.

मुलीने आता स्वतंत्र कचेरी थाटली आहे. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता व तिच्या दोन बहिणी अंमलात आल्या, आणि दंडविधान, फौजदारी प्रक्रिया व पुरावा या तिन्ही विषयांवरील कपाटभर ग्रंथ एका रात्रीत जुने झाले. खुनाचे तीनशे दोन कलम एकशे तीन झाले, फसवणुकीचे प्रसिद्ध चारशे वीस तीनशे अठरा झाले. परंतु तत्पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांस जुनेच दंडविधान लागते, म्हणून ते ग्रंथ रद्दीतही घालता येत नाहीत. दोन्ही हाताशी ठेवावे लागतात आणि कोणता केव्हा उघडावयाचा हे गुन्ह्याच्या तारखेवरून ठरवावे लागते. पुन्हा तारीखच.

अलीकडे यंत्रास प्रश्न विचारला की ते तयार उत्तर देते, निकालांची नावेसुद्धा देते. न्यूयॉर्कच्या एका वकिलाने अशी चॅटजीपीटीने दिलेली नावे न पडताळता न्यायालयापुढे ठेविली. ते निकाल कधी झालेच नव्हते. २०२३ च्या जूनमध्ये न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. मुलीने ही हकीकत सांगितली तेव्हा मी त्या वकिलास हसलो नाही. माझा ग्रंथ तर खरा होता, निकालही खरा होता. तरी मी बहिणीचे दोन एकर बुडविण्याच्या बेतात होतो. यंत्र असो वा छापील पान, मूळ निकाल उघडून पाहण्याचा कंटाळा केला की परिणाम एकच.

घरच्या वाचकांस माझे सांगणे थोडके आहे. आपल्यापैकी प्रत्येक घरात असा एखादा मास्तर असतो, जो पुस्तक उघडून बहिणीस, सुनेस, भाडेकऱ्यास कायदा सांगतो. त्याने सांगण्यापूर्वी पहिले पान उलटून साल पाहावे. त्यानंतर काय बदलले हे जाणत्यास विचारावे. आणि उत्तर आपल्या लाभाचे निघाले तर ते दुप्पट काळजीने पडताळावे. सही करणाऱ्या बहिणीनेही "तू म्हणतोस तर तसेच असेल" असे म्हणू नये. "कोठे लिहिले आहे, ते मला वाचून दाखव," असे म्हणावे. यात प्रेमाचा अव्हेर नाही.

तो २०१६ सालचा ग्रंथ मी दुकानदारास परत विकला नाही. कोरी पाने पाहून दुसरा कोणी मास्तर तो निम्म्या किमतीत घेऊन जाईल, ही भीती. त्याच्या पहिल्या पानावर मी तांबड्या शाईने लिहून ठेवले आहे: "कलम ६ संबंधीचा मजकूर ११ ऑगस्ट २०२० पासून बाद." खाली सही केली आहे, आणि सहीखाली, उशिरा का होईना, तारीख घातली आहे.